जागा सोडतानाचं तपासणी-पत्रक : कामाच्या नोंदी

९ जून

आज कामाला हात घातला. भाड्याची जागा सोडताना मालक आणि भाडेकरू यांनी एकत्र खोलीखोलीतून फिरून भरायचं एक पत्रक तयार करायचं आहे. भाडेकरूंना मदत करणारा आमचा छोटासा गट आहे आणि आमच्याकडे येणारी बरीचशी भांडणं याच टप्प्यावरची असतात. किल्ल्या परत दिलेल्या असतात, घर रिकामं झालेलं असतं, आणि मग डिपॉझिटमधून काय काय कापणार याची यादी येते. तोवर पाहायला भाडेकरू तिथे नसतो आणि दाखवायला मालकाकडे काही नसतं.

जमवलेली जुनी पत्रकं टेबलावर मांडून पाहिली. जवळपास सगळी एकाच ठशाची. डावीकडे वस्तूचं नाव, उजवीकडे तीन रकाने : चांगली, बरी, खराब. वरच्या मजल्यावरून पाणी झिरपून पोपडे आलेली भिंत ‘खराब’, आणि कपाट ओढताना खरवडलेली भिंतही ‘खराब’. पहिलीचा खर्च भाडेकरूच्या माथी मारणं अन्यायाचं, तसंच दुसरीचा मालकाच्या गळ्यात घालणंही. हा फरकच टिपला जात नसेल तर असं पत्रक भरून काय उपयोग?

म्हणून प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्न ठेवायचं ठरलं. ताबा घेतला तेव्हा ती कशी होती? आता जे दिसतंय ते कशामुळे झालं? आणि ती वस्तू मुळात किती जुनी? बाकीची मांडणी या तीन प्रश्नांवर उभी करू.

१२ जून

गटातल्या वकील मैत्रिणीने आजची संध्याकाळ या कामाला दिली. झीज आणि नुकसान यांतला फरक काही आत्ताचा नाही. भारतातल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ म्हणतं की भाडेकरूने जागा ज्या स्थितीत घेतली त्या स्थितीत परत करायची. मात्र वाजवी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या शक्तीने झालेले बदल त्यातून वगळायचे. ही वगळणूक लोकांच्या लक्षातच राहत नाही. ‘जशी होती तशी परत द्या’ एवढंच कानावर पडतं आणि भाडेकरू बिचारा सगळं घर रंगवून द्यायला निघतो.

तिने इंग्लंडमधला १९५३ चा वॉरन विरुद्ध कीन हा निकालही समजावून सांगितला. भिंतींना ओल आली होती, खिडक्यांचा रंग गेला होता, आणि आठवड्याच्या कराराने राहणाऱ्या भाडेकरूकडे मालकाने दुरुस्तीचा खर्च मागितला होता. न्यायमूर्ती डेनिंग यांनी भाडेकरूची कामं अगदी घरगुती शब्दांत सांगितली : फ्यूज गेला तर बसवावा, आपल्याच कचऱ्याने तुंबलेलं सिंक मोकळं करावं, घरातली बारीकसारीक कामं करत राहावं. स्वतः, घरच्यांनी किंवा पाहुण्यांनी जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने काही मोडलं तर ते भरून द्यावं. काळाच्या ओघात किंवा त्याचा हात न लागता जे बिघडलं, ते दुरुस्त करणं त्याच्याकडे येत नाही.

‘पाहुण्यांनी’ हा शब्द मी पत्रकात मुद्दाम घेतला. ‘ते मी केलं नाही, माझ्या मित्राने केलं’ असं आमच्याकडे अनेकजण मनापासून सांगतात. मित्राला घरात कोणी घेतलं, हा प्रश्न तिथे उरतोच.

१६ जून

आजचा अख्खा दिवस भिंतीतल्या भोकांवर गेला. आमच्यातला एकजण बांधकामावर देखरेखीचं काम करून आलेला. त्याचं म्हणणं, भोक म्हणजे भोक, ते भाडेकरूने पाडलं, तर बुजवायचंही त्यानेच. मला हे पटत नाही. माणूस घरात राहणार म्हणजे कॅलेंडर लावणार, घड्याळ टांगणार. राहण्यासाठी म्हणूनच भाडं घेतलेलं असतं, आणि राहण्याच्या खुणा त्या भाड्यात आल्या.

जपानच्या बांधकाम मंत्रालयाने याच प्रश्नावर १९९८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पुढे त्या सुधारल्या. वाद असलेल्या जवळपास प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्यांत मिळतं, म्हणून मला त्या फार उपयोगाच्या वाटतात. कागद लावायच्या टाचणीची भोकं ही झीज. खोल खिळे किंवा स्क्रू घालून आतला बोर्ड बदलायची वेळ आली तर ते नुकसान. फ्रीजमागे भिंत काळवंडली तर झीज. उन्हाने रंग उडाला तर झीज. जड फर्निचरच्या पायांनी फरशीवर उमटलेले खळगेही झीजच. सिगारेटच्या धुराने भिंती पिवळ्या पडल्या, वास मुरला, तर मात्र नुकसान. पाळीव प्राण्यांनी दारं-खांब ओरबाडले तर तेही नुकसान. २०२० च्या एप्रिलपासून तिथल्या दिवाणी कायद्यातच लिहिलं गेलं की नेहमीच्या वापराने झालेली झीज पूर्ववत करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येत नाही.

आमच्या पत्रकापुरतं असं ठरलं : बारीक खिळा किंवा टाचणी, साधारण संख्येत, ही झीज. ड्रिल करून प्लग ठोकलेलं भोक, त्यातही टाइलमधलं, हे नुकसान. मालकाची लेखी परवानगी असेल तर ते बाजूला ठेवायचं. टाइलमधलं भोक बुजवता येतं, पण बुजवलेलं दिसतंच, म्हणून ते वेगळं लिहिलं.

२१ जून

पत्रकाचा कच्चा मसुदा घेऊन एका घरी गेलो. भाडेकरू ताई, तिचा नवरा आणि लहान मुलगी पुढच्या महिन्यात जागा सोडताहेत. मालक काका जवळच राहतात आणि दोन्ही बाजूंनी पत्रक वापरून बघायची तयारी दाखवली, हे विशेष.

सगळ्यांत जास्त वेळ सिंकखालच्या कपाटाने घेतला. दार उघडल्याबरोबर कोंदट वास. तळाचं प्लायवुड मधोमध फुगून वर आलेलं, वरचा सनमायका कडेने सुटलेला, मागच्या कोपऱ्यात काळी बुरशी. ताई लगेच म्हणाली, ‘पाइप गळत होता, आम्ही काय करणार?’ काका म्हणाले, ‘गळत होता तर सांगायचं नाही का?’

आमच्या सुपरव्हायझर गड्याने टॉर्च घेतला आणि आडवा होऊन आत शिरला. सिंकच्या जाळीखाली जिथे पाइप जोडलेला असतो तिथलं रबरी वायसर कडक होऊन तडकलेलं होतं. त्यातून थेंब सुटतो, पाइपवरून ओघळतो आणि तळाच्या फळीवर एकाच जागी साचतो. प्लायवुडच्या कापलेल्या कडा पाणी पटकन ओढतात, म्हणून फुगवटा कडेपासून सुरू होऊन मध्ये सरकला होता. वायसर कडक होणं ही निव्वळ वयाची गोष्ट. त्यात ताईचा काहीच हात नाही. फळी अशी फुगायला मात्र बरेच दिवस लागतात. त्या दिवसांत कोणी त्या कपाटाखाली हात घातला असेल, ओलं लागलं असेल, तर मालकाला कळवायला हवं होतं.

ताईने फोन काढून मेसेज शोधला. पावसाळ्याच्या सुमारास तिने काकांना लिहिलं होतं : ‘काका, सिंकखाली पाणी येतंय, प्लंबरला पाठवता का?’ काकांनी ‘बघतो’ म्हटलं होतं आणि ते राहून गेलं. काकांनी तो मेसेज दोनदा वाचला, मग म्हणाले, ‘बरं, हे माझ्याकडे लिहा.’

या एका कपाटामुळे पत्रकात चौथा प्रश्न आला : बिघाड लक्षात आल्यावर कळवलं का, कधी, आणि कशावर? बिघाडाचं मूळ मालकाकडे असलं तरी गप्प राहिल्याने वाढलेलं नुकसान भाडेकरूकडे येऊ शकतं. कळवूनही दुरुस्ती झाली नाही तर ते उलट फिरतं. तोंडी सांगितलेलं दोघंही विसरतात, लिहिलेलं मागे राहतं.

नळ-पाइपच्या वाटणीसाठी भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याची अनुसूची चाळली. राज्यांनी स्वीकारावा म्हणून केंद्राने दिलेला तो नमुना. त्यात नळाचे वायसर बदलणं, नाली साफ करणं, स्विच-सॉकेटची दुरुस्ती, दाराची कुलपं आणि मुठी भाडेकरूकडे. रचनेशी संबंधित दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइप आणि अंतर्गत-बाह्य वायरिंग मालकाकडे. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तेव्हा बोलणं सुरू करायला अशी यादी फार कामाची.

२२ जून

त्याच घरातली फरशी, थोडक्यात. स्वयंपाकघरातल्या एका टाइलला ताऱ्यासारखा टवका, मध्ये ठोक्याची खूण : वरून जड भांडं पडलेलं. ताईने लगेच कबूल केलं. बाहेरच्या खोलीत मात्र एकच तडा ओळीने चार-पाच टाइलांतून सरळ गेलेला. बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं तर त्या पट्ट्यात पोकळ आवाज. टाइलखाली मसाला नीट बसलेला नाही किंवा खालचा थर हलला आहे. त्याचा राहणाऱ्याशी संबंध नाही. पत्रकात ‘ठोकून पाहा’ ही ओळ घातली.

२८ जून

झिजेचा हिशेब. वस्तूचं नुकसान झालं तरी भाडेकरूने नव्या वस्तूची पूर्ण किंमत द्यावी का? जुनी वस्तू जाऊन मालकाला नवी कोरी मिळाली तर तो आधीपेक्षा फायद्यात जातो, आणि नुकसानभरपाईचा अर्थ तो नाही.

जपानच्या सूचनांत वॉलपेपरचं मूल्य ६ वर्षांत १ येनवर येतं असं धरलं आहे. म्हणजे ६ वर्षं जुना वॉलपेपर भाडेकरूने फाडला, तरी त्या कागदाच्या किमतीपोटी मागायला जवळपास काही उरत नाही. पण म्हणून खुशाल फाडावा असंही नाही : तो पूर्ववत करण्याच्या मजुरीचा काही भाग तरीही त्याच्यावर येऊ शकतो, असं त्याच सूचना म्हणतात.

ताईच्या मुलीने खिडकीजवळच्या भिंतीवर मेणखडूने रेघोट्या मारल्या आहेत. पुसून जाणार नाहीत, पुन्हा रंग द्यावाच लागेल. काकांनी घर ४ वर्षांपूर्वी रंगवलं होतं. रंगाचं आयुष्य दोघांनी मिळून ६ वर्षं धरलं, तर २ वर्षं शिल्लक, म्हणजे ताईचा वाटा एक तृतीयांश. आणि तोही कशाचा? अख्ख्या घराचा नव्हे, अख्ख्या खोलीचाही नव्हे, फक्त त्या एका भिंतीचा. भिंतीच्या मधला तेवढाच तुकडा रंगवला तर ठिगळ दिसतं, म्हणून एक कोपरा ते दुसरा कोपरा हे सगळ्यांत लहान माप आम्ही धरलं.

हे गणित मांडल्यावर दोन मिनिटांत विषय संपला. आधी काकांना सगळी खोली रंगवायची होती आणि ताईला काहीच द्यायचं नव्हतं.

एक गोष्ट माझ्या मनात पक्की आहे आणि ती इथे लिहून ठेवते. आमचा गट भाडेकरूंचा असला तरी भाडेकरूच्या हातून खरंच झालेलं नुकसान लपवायला हे पत्रक मदत करणार नाही. घर बांधायला किंवा घ्यायला एखाद्याची आयुष्यभराची कमाई गेलेली असते. तुटलेली काच, जळलेला ओटा, हरवलेली किल्ली यांचे पैसे भाडेकरूने न मागता काढून द्यावेत. तसं झालं की वॉटरप्रूफिंगचा खर्च माझ्याकडे कसा, हे तो ठामपणे विचारू शकतो.

४ जुलै

ओल आणि बुरशी. हा रकाना सर्वांत अवघड, कारण दिसायला सगळ्या बुरशी सारख्याच काळ्या.

तीन प्रकार वेगळे केले. वरून किंवा पाइपातून झिरपणारं पाणी : डागाला तपकिरी कड असते, पाऊस पडला किंवा वरच्या न्हाणीघरात पाणी वापरलं की डाग वाढतो. जमिनीतून चढणारी ओल : फरशीपासून वर एका उंचीपर्यंत आडवा पट्टा, गिलाव्यावर पांढरे क्षार फुललेले. तिसरा प्रकार घरातल्याच दमट हवेचा : गरम वाफ थंड भिंतीवर टेकते आणि पाणी होते. ही बुरशी बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे, खिडकीच्या कडेने येते.

पहिले दोन प्रकार मालकाकडे, यात शंका नाही. तिसऱ्यात बघावं लागतं. घरात कपडे वाळत घालून खिडक्या कायम बंद ठेवल्या, हवेची जाळी चिकटपट्टीने बंद केली, तर भाडेकरूचा वाटा आहे. न्हाणीघराला खिडकीच नाही आणि पंखाही बंद पडलेला आहे, तर वाफ जाणार कुठून? मग ते घराच्या रचनेतच आलं.

ओळखायची एक सोपी रीत पत्रकात दिली आहे. ओलसर भिंतीचा भाग कोरड्या फडक्याने पुसून त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. खोलीकडच्या बाजूवर थेंब आले तर पाणी हवेतलं. फॉइलच्या मागे, भिंतीकडून ओल आली तर पाणी भिंतीतलं. भांडायच्या आधी दोघांनी मिळून हे करून बघावं.

७ जुलै

साफसफाई नुकसानीपासून वेगळी काढली. ताबा घेताना घर जितकं स्वच्छ होतं तितकं स्वच्छ द्यायचं, एवढी एकच ओळ. सोबत एक सूचना मात्र ठळक टाकली : नळावरचे पांढरे क्षार घालवायला घाईघाईत ॲसिड ओतू नये. संगमरवराला ते लागलं की चकाकी कायमची जाते, आणि साफसफाईचं काम नुकसानीत जाऊन पडतं. तेच हौशी रंगकामाचं. भोकात लांबी (पुट्टी) भरून, घासून ती जागा सपाट करावी आणि तिथेच थांबावं. जुन्या भिंतीवर त्याच छटेचा ताजा रंगसुद्धा उठून दिसतो.

१३ जुलै

फोटो कसे काढायचे याचं पान आज पूर्ण झालं. आधी दारात उभं राहून खोलीचा पूर्ण फोटो, मग प्रत्येक भिंत, मग डाग किंवा ओरखडा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. नुसता जवळचा फोटो असला की तो कुठल्या खोलीतला हेच पुढे कळत नाही. भिंतीतला फुगवटा समोरून दिसत नाही. टॉर्च भिंतीला टेकवून आडवा प्रकाश टाकला की सावलीत उठून येतो. नळ सोडून, फ्लश करून, दिवे-पंखे लावून छोटा व्हिडिओ घ्यायचा. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे टिपायचे. सगळं त्याच दिवशी समोरच्याला पाठवायचं, म्हणजे तारखेबद्दल वाद राहत नाही.

इतर देशांतल्या दोन तरतुदी वाचून मी पत्रकाची रचनाच बदलली. फ्रान्समध्ये २०१६ च्या आदेशानुसार येतानाची आणि जातानाची स्थिती एकमेकांशी ताडून बघता येईल अशाच मांडणीत लिहावी लागते. म्हणून आमच्याही पानावर आता डावीकडे ‘येताना’ आणि उजवीकडे ‘जाताना’, एकाच ओळीत. दुसरी कॅलिफोर्नियाची. तिथे भाडेकरू जागा सोडण्याआधीच्या दोन आठवड्यांत तपासणी मागू शकतो, म्हणजे काय खटकतंय ते आधी कळतं आणि स्वतः नीट करून द्यायला वेळ मिळतो. जागा सोडल्यापासून २१ दिवसांत मालकाला कपातीची तपशीलवार यादी द्यावी लागते, आणि १ एप्रिल २०२५ पासून फोटोही काढून ठेवावे लागतात. ही आधीची फेरी मला सगळ्यांत माणुसकीची वाटते. निघायच्या दिवशी टेम्पो खाली उभा असतो, तेव्हा कोणाचंच डोकं शांत नसतं.

१९ जुलै

ताई आणि काकांसोबत आधीची फेरी झाली. दोघांनी पत्रक हातात घेऊन घर फिरलं, आम्ही मागे.

बाल्कनीच्या दाराशी अडलं. बिजागरीचे स्क्रू चौकटीतून निघालेले, दार खाली घासतंय. काका म्हणाले, ‘एवढं जोरात कोणी दार आपटतं का?’ ताई म्हणाली, ‘काका, हे आम्ही आलो तेव्हाही घासत होतं.’ येतानाचा रकाना कोरा, कारण तेव्हा पत्रकच नव्हतं. सुपरव्हायझरने चौकटीत बोट घातलं. भोकांतलं लाकूड भुसभुशीत झालेलं, जुन्या खालच्या भोकांत काड्या ठोकून कधीतरी दुरुस्ती केलेली, त्यावर रंग चढलेला. म्हणजे ४ वर्षांपूर्वीच्या रंगकामाच्याही आधीपासून हे दुखणं होतं. काकांनी रंगाखालच्या त्या काड्या स्वतः नखाने खरवडून पाहिल्या आणि ‘मालक’ या रकान्यात खूण केली.

शेवटी ताईकडे आलेलं : स्वयंपाकघरातली एक टाइल, एका भिंतीच्या रंगाचा तिसरा हिस्सा, आणि टपालपेटीची हरवलेली किल्ली. टाइल काकांकडे शिल्लक आहे, फक्त बसवायची मजुरी. बाकीचं काकांकडे. दोघांनी सही केली, एकेक प्रत घेतली.

२ ऑगस्ट

ताईने जागा सोडली, ठरल्याप्रमाणे कपात होऊन डिपॉझिट परत मिळालं. ताबा पावतीवर एक वाक्य आम्ही घालायला लावलं होतं : ‘वरील नोंदींव्यतिरिक्त उभयपक्षी कोणतीही मागणी शिल्लक नाही.’ हे वाक्य नसलं की महिन्यांनी नवा डाग सापडतो. जर्मनीत जागा परत मिळाल्यापासून ६ महिन्यांत मालकाच्या अशा मागणीची मुदत संपते. जिथे इतकी छोटी मुदत नसेल तिथे दोघांच्या सहीचं हे वाक्यच कामाला येतं.

मसुद्यातला मोठा बदल आता ठरला आहे. पत्रकाचं नाव ‘जागा सोडतानाचं’ असं ठेवलं तर लोक ते शेवटच्या आठवड्यात शोधतील, आणि डावा रकाना बाल्कनीच्या दारासारखा कोरा राहील. नाव बदलून ‘जागा घेताना आणि सोडताना’ केलं. ताब्याच्या दिवशी डावी बाजू भरून दोघांनी सही करायची, आणि राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात सापडलेल्या दोषांसाठी खाली पाच ओळी मोकळ्या.

सामानासकट दिलेल्या घरांचं पान अजून बाकी आहे : गाद्या, पडदे, वॉशिंग मशीन, फ्रीज. त्यांची आयुष्यं वेगवेगळी, आणि मशीन बंद पडलं की वयाने पडलं की वापराने, हे ठरवायला दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी शेरा लागेल. त्या शेऱ्यात काय काय यावं यासाठी येत्या शनिवारी दोन दुरुस्ती कारागिरांना बोलावलं आहे.